निकालाआधीचा रविवार : ऐझॉलमधील पाच दिवस

पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुकांची मतमोजणी ३ डिसेंबर २०२३ रोजी होणार, असे निवडणूक आयोगाने ऑक्टोबरमध्ये जाहीर केले होते आणि त्या भरवशावर आम्ही ४ डिसेंबरच्या सकाळची परतीची तिकिटे काढून ठेवली होती. आम्ही म्हणजे मी आणि माझी नणंद. शिक्षिका म्हणून नोकरी करताना सांगली जिल्ह्यात मी अनेक निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्षाचे काम केले. मतदान यंत्रे ताब्यात घेणे, पहाटेचे अभिरूप मतदान, रात्री उशिरा साहित्य जमा करण्यासाठी लागलेली रांग, हे सारे मला तोंडपाठ आहे. तरीही निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या राज्यातील निवडणूक कशी होते, हे पाहण्याची संधी मिळाली नव्हती. ती मिळाली एका मिझो मुलीमुळे. वन्संच्या पुण्यातील घरी ती शिक्षणासाठी दोन वर्षे भाड्याने राहिली होती आणि मतदानासाठी मिझोरमच्या राजधानीत, ऐझॉलला, परत गेली होती. निकालाला आमच्या घरी या, असा तिचा आग्रह होता.

शुक्रवार, १ डिसेंबर

कोलकात्याहून निघालेले विमान दुपारी लेंगपुईला उतरले. मिझोरममध्ये प्रवेश करण्यासाठी बाहेरच्या राज्यांतील नागरिकांना इनर लाइन परमिट लागते. पंधरा दिवसांचा तात्पुरता परवाना विमानतळावरच मिळतो. ओळखपत्राच्या प्रती आणि छायाचित्रे हाताशी ठेवली, तर रांगेत फारसा वेळ जात नाही. विमानतळ ते शहर हे अंतर सुमारे ३२ किलोमीटरचे आहे, पण सगळा घाटरस्ता असल्यामुळे दीड तास धरून चालावे.

शहरात शिरताना दोन गोष्टी लगेच जाणवल्या. पहिली म्हणजे डोंगराच्या धारेवर एकावर एक रचल्यासारख्या घरांच्या या शहरात अरुंद रस्त्यांवर वाहनांची लांबच लांब रांग होती, पण कोणीही हॉर्न वाजवत नव्हते. दुसरी म्हणजे अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी, ७ नोव्हेंबरला, जिथे मतदान झाले होते, तिथल्या भिंतींवर एकही रंगवलेली घोषणा नव्हती. आमच्याकडे निवडणूक होऊन वर्ष उलटले, तरी चौकातला फलक उतरलेला नसतो. इथे मात्र घराघरांवर नाताळच्या कागदी चांदण्या तेवढ्या लागल्या होत्या. चांदणी हे तेव्हा सत्तेत असलेल्या मिझो नॅशनल फ्रंटचे चिन्ह आहे, हे मला ठाऊक होते, म्हणून मी विचारले. "नाही काकू, या ख्रिसमसच्या," असे ती मुलगी मराठीत म्हणाली आणि पुढच्या बाकावरच्या चालकाला तिने आमचे बोलणे मिझोतून सांगितले.

तिच्या घरी तिची आजी वाट पाहत होती. वडीलधाऱ्या स्त्रीला मिझोमध्ये 'पी' म्हणतात, पुरुषाला 'पु'. आम्ही तिला पी म्हणू लागलो आणि तीही आम्हाला पीच म्हणू लागली. थिंगपुई, म्हणजे चहा, आणि तांदळाच्या पिठाचा चिकट छांगबान पुढे आला, आणि त्याबरोबर आमचा बेत मोडणारी बातमीही आली. ३ डिसेंबर हा रविवार, म्हणजे बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या मिझोरममध्ये चर्चचा दिवस होता, आणि रविवारी मतमोजणी नको यासाठी राज्यभर त्याच दिवशी निदर्शने झाली होती. त्यांत सेंट्रल यंग मिझो असोसिएशनपासून महिलांच्या आणि विद्यार्थ्यांच्या संघटनांपर्यंत सगळ्यांची समन्वय समिती उतरली होती. चर्च आणि झाडून सारे राजकीय पक्षही एका बाजूला होते. निकालाच्या दोन दिवस आधी सर्व पक्षांचे एखाद्या मागणीवर एकमत असल्याचे मी माझ्या आयुष्यात पाहिलेले नव्हते. संध्याकाळी साडेचारलाच सूर्य मावळला, बाहेर गारठा वाढला आणि त्याच रात्री आयोगाचा निर्णय आला : बाकीच्या चार राज्यांची मोजणी रविवारीच होईल, मिझोरमची सोमवारी, ४ तारखेला. २०१३ मध्येही मिझोरमची मोजणी अशीच रविवार टाळून ९ डिसेंबरला झाली होती, हे मला पीकडून कळले.

आमची तिकिटे बदलून घेण्यासाठी बरेच पैसे मोजावे लागले आणि फोनवर तास गेला. निकालाच्या निमित्ताने कोणी प्रवास करणार असेल, तर पुढे निदान दोन दिवसांची मोकळीक ठेवावी.

शनिवार, २ डिसेंबर

पहाटे सामायिक सुमोने सेरछिपला निघालो. सुमोच्या जागा आदल्या दिवशी काउंटरवर राखून ठेवाव्या लागतात. पुढची जागा मिळाली तर घाटातली वळणे सोसतात. अंतर सुमारे ११२ किलोमीटर, वेळ चार तास. खाली दऱ्या ढगांनी काठोकाठ भरलेल्या होत्या आणि त्यांतून डोंगरांचे माथे बेटांसारखे वर आलेले होते.

सेलिंगच्या परिसरात रस्त्याकडेला बांबूच्या छोट्या टपऱ्या दिसल्या. फळ्यांवर संत्री, मोहरीचा पाला, इस्कुट नावाची हिरवी फळभाजी, आल्याच्या जुड्या मांडलेल्या होत्या. प्रत्येकाची किंमत कोळशाने पुठ्ठ्यावर लिहिलेली होती आणि पैशांसाठी एक डबा ठेवलेला होता. विकणारा कुठेच नव्हता, कारण तो शेतात होता. यांना 'न्घाह लोउ दॉर', म्हणजे राखणदार नसलेली दुकाने, म्हणतात. वन्संनी संत्री घेतली, डब्यात नोट टाकली आणि त्याच डब्यातून उरलेले सुटे पैसे स्वतः मोजून घेतले. नंतर कितीतरी वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

सेरछिप गाठायचे, हे मी घरूनच ठरवले होते, कारण झोरम पीपल्स मूव्हमेंट या नव्या पक्षाचे नेते लालदुहोमा यांचा हा मतदारसंघ. पूर्वी भारतीय पोलीस सेवेत असलेले आणि इंदिरा गांधींच्या सुरक्षाव्यवस्थेत काम केलेले हे गृहस्थ १९८८ मध्ये पक्षांतरबंदी कायद्याखाली अपात्र ठरलेले देशातील पहिले खासदार. पुढे २०१८ मध्ये ते अपक्ष म्हणून आमदार झाले, पण नव्या पक्षाचे काम केल्याबद्दल २०२० मध्ये त्यांची आमदारकीही गेली. २०२१ च्या पोटनिवडणुकीत त्यांनी ती परत मिळवली. नागरिकशास्त्राच्या तासाला दहावी अनुसूची, म्हणजेच हा पक्षांतरबंदी कायदा, शिकवताना ज्या माणसाचे उदाहरण मी नकळत अर्धेच सांगत आले, त्याच्या मतदारसंघात मी उभी होते.

२०११ च्या जनगणनेत सेरछिप हा देशातला सर्वाधिक साक्षर जिल्हा ठरला होता. बाजारातल्या एका छोट्या खाणावळीत भात, डाळ आणि उकडलेल्या पालेभाज्यांची 'बाइ' जेवताना शेजारच्या टेबलावरील एक निवृत्त शिक्षक स्वतःहून बोलू लागले. दोघेही शिक्षक, दोघांनीही निवडणुकीचे काम केलेले, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही. मला भिंती स्वच्छ का, हे समजून घ्यायचे होते. त्यांनी सांगितले ते असे : २००६ मध्ये चर्चच्या पुढाकाराने मिझोरम पीपल्स फोरम स्थापन झाला. दर निवडणुकीआधी हा फोरम राजकीय पक्षांशी लेखी करार करतो. त्यात झेंडे आणि फलक किती लावायचे याची मर्यादा असते, मतदारांना जेवणावळी घालण्यास मनाई असते, घरोघर फिरून मते मागण्यावर बंधन असते. मतदारसंघातील सगळ्या उमेदवारांना फोरम एकाच व्यासपीठावर बोलावतो; प्रत्येकाने ठरलेल्या वेळात बोलायचे आणि लोकांनी ऐकायचे. करार मोडला तर कायद्याने शिक्षा काहीच नाही, पण गावात तोंड दाखवणे अवघड होते.

मी विचारले, की चर्चचा एवढा शब्द चालतो, तर मतदार खरोखर मोकळा राहतो का? त्यांनी प्रश्न टाळला नाही. फोरम कोणाला मत द्या हे सांगत नाही, असे ते म्हणाले. पण जो समाज एका आवाजात बोलतो, त्यात लहान समूहांचा आवाज कसा ऐकू यायचा, ही चिंता त्यांनाही होती. २०१८ मध्ये मिझोरममधून विस्थापित होऊन त्रिपुरातील शिबिरांत राहणाऱ्या ब्रू जमातीच्या मतदानावरून मोठे आंदोलन झाले आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना बदलावे लागले होते. समाजाचा धाक उमेदवारांना सरळ ठेवतो, तोच कधी दुबळ्यांवरही पडू शकतो. त्यांचे हे बोलणे मला फोरमच्या नियमांइतकेच मोलाचे वाटले.

मते कशावर पडली असतील, याविषयी ते सावध होते. मे महिन्यापासून पेटलेल्या मणिपूरमधून बारा हजारांहून अधिक आणि म्यानमारमधून तीस हजारांहून अधिक निर्वासित मिझोरममध्ये आलेले होते. हे सारे आपलेच भाईबंद, या भावनेने गावागावांनी त्यांना सांभाळले होते, आणि मुख्यमंत्री झोरमथांगा यांची मदार त्या अस्मितेवर होती. नव्या पक्षाचा भर 'काल्फुंग थार', म्हणजे नवी पद्धत, या दोन शब्दांवर आणि आले, हळद, मिरची व झाडूचे गवत ठरावीक दराने खरेदी करण्याच्या आश्वासनावर होता. सकाळी पाहिलेल्या त्या टपऱ्यांवरच्या आल्याच्या जुड्या मला आठवल्या.

परतताना अंधार पडला. घाटात धुके होते.

रविवार, ३ डिसेंबर

या दिवशी ऐझॉलमध्ये काही सुरू असेल, अशी अपेक्षा प्रवाशाने ठेवू नये. दुकाने, खाणावळी, बाजार, बहुतेक टॅक्सी, सर्व बंद असते. शनिवारीच फळे, बिस्किटे, औषधे घेऊन ठेवावीत. राज्यात दारूबंदी आहे, हेही आधीच माहीत असलेले बरे.

सकाळी पीबरोबर आम्ही जवळच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये गेलो. कमरेला पुआन नेसलेल्या बायका, कोट घातलेले पुरुष आणि हातात गाण्यांची पुस्तके घेतलेली मुले, असा सारा डोंगर पायऱ्या उतरत किंवा चढत होता. आत खुआंग, म्हणजे ढोल, वाजू लागला आणि शेकडो माणसे चार आवाजांत गाऊ लागली. मला एक शब्दही कळत नव्हता, पण पंढरीच्या वाटेवर दिंडीत उभे राहिल्यावर मृदंगाचा ठेका जसा पायांत उतरतो, तसेच काहीसे झाले. प्रार्थनेत उद्याच्या मोजणीचा उल्लेख झाल्याचे मुलीने हळूच सांगितले. जिंकणाऱ्यांनी नम्र राहावे आणि हरणाऱ्यांना धीर मिळावा, एवढेच मागितले होते.

तिकडे चार राज्यांचे निकाल लागत होते. पीच्या घरी रविवारी दूरचित्रवाणी लावत नाहीत, म्हणून मी अंगणात जाऊन फोनवर आकडे पाहिले : मध्य प्रदेशात भाजप १६३, राजस्थानात ११५, छत्तीसगडमध्ये ५४, तेलंगणात काँग्रेस ६४. एरवी मी दिवसभर त्या पडद्यासमोरून हलले नसते. इथे मात्र मतदान यंत्रे आदल्या जवळजवळ चार आठवड्यांप्रमाणे आणखी एक दिवस सुरक्षा कक्षात कुलूपबंद होती आणि त्याची कोणालाही घाई नव्हती.

दुपारी जेवण झाल्यावर, वन्संसाठी वेगळी शिजवलेली डुकराच्या मांसाविनाची बाइ आणि आमच्यासाठी धुरावलेले मांस, पी अंगणात बसून बोलू लागली. मार्च १९६६ मध्ये ती सात-आठ वर्षांची होती. मिझो नॅशनल फ्रंटने उठाव केला आणि ५ मार्चला भारतीय हवाई दलाची विमाने ऐझॉलवर आली. आईने तिला पाठीवर बांधून जंगलात नेले. परत आल्या तेव्हा बाजार जळलेला होता. त्यानंतरची वीस वर्षे तिने दोन वाक्यांत सांगितली आणि १९८६ च्या जूनमधील भारत सरकारबरोबरच्या शांतता करारावर ती थांबली. ज्यांनी बंदुका खाली ठेवल्या, त्यांनीच १९८७ च्या निवडणुकीत ४० पैकी २४ जागा जिंकल्या आणि त्यांचे नेते लालदेंगा मुख्यमंत्री झाले. झोरमथांगा तेव्हापासूनचे. "मी चांदणीलाच मत दिले," असे ती म्हणाली, "माझ्या नातीने टोपीला." टोपी हे झोरम पीपल्स मूव्हमेंटचे चिन्ह. नात शेजारीच भांडी पुसत होती. तिने मान वर करून आजीकडे पाहिले आणि दोघी हसल्या.

मतपेटीची शिस्त मी वर्षानुवर्षे शिकवली, पण जंगलातून मतपेटीकडे आलेल्या समाजाला ती किती महागात मिळाली, हे त्या अंगणात मला प्रथम कळले.

सोमवार, ४ डिसेंबर

सकाळी सात वाजता मी आखीव कागदावर चाळीस मतदारसंघांचा तक्ता आखला. ती माझी जुनी सवय. मुलीने नावे सांगितली, मी देवनागरीत लिहीत गेले आणि उच्चार चुकला की ती थांबवायची. मोजणी केंद्रात आम्हाला प्रवेश मिळणे शक्य नव्हते. अधिकारपत्राशिवाय तो कोणालाच मिळत नाही. म्हणून घरातल्या स्थानिक वाहिनीसमोर बसलो.

आठ वाजता टपाली मते, मग यंत्रे. राज्यात साडेआठ लाखांच्या आसपास मतदार, १,२७६ मतदान केंद्रे, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी एकवीस हजार मतदार आणि बत्तीस केंद्रे. चौदा टेबले मांडली तर तीन फेऱ्यांत मोजणी संपावी. महाराष्ट्रात एका मतदारसंघात तीन लाखांच्या घरात मतदार असतात आणि वीस-पंचवीस फेऱ्या चालतात. प्रत्येक मतदारसंघातील पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मत कोणाला गेले हे दाखवणाऱ्या यंत्रातील छापील चिठ्ठ्या, मोजून पडताळाव्या लागतात, तो नियम दोन्हीकडे सारखाच आहे. पण आमच्याकडे शेकडो केंद्रांतील पाच आणि इथे बत्तिसांतील पाच यांत किती फरक पडतो, हे तक्ता आखताना लक्षात आले. मोजणीवरील विश्वासाला मतदारसंघाचा आकारही हातभार लावत असावा.

काही मतदानोत्तर चाचण्यांनी त्रिशंकू विधानसभेचा अंदाज दिला होता. दहाच्या सुमारास माझ्या तक्त्यातील टोपीच्या रकान्यात इतक्या खुणा झाल्या, की मी पुन्हा मोजून पाहिले. उपमुख्यमंत्री तॉनलुइया तुइचांगमध्ये ९०९ मतांनी हरले. मग ऐझॉल पूर्व-१ चा निकाल आला : झोरमथांगा यांचा लालथनसंगा यांच्याकडून २,१०१ मतांनी पराभव. खोलीत कोणी बोलले नाही. नातीने आवाज कमी केला, आजीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. तिचा पक्ष जिंकत होता, पण त्या क्षणी तिला आनंद व्यक्त करावासा वाटला नाही.

दुपारपर्यंत चित्र पूर्ण झाले : झोरम पीपल्स मूव्हमेंट २७, मिझो नॅशनल फ्रंट १०, भाजप २, काँग्रेस १. सेरछिपमधून लालदुहोमा २,९८२ मतांनी निवडून आले. मतांची टक्केवारी पाहिली तर विजेत्यांना सुमारे ३८ आणि पराभूतांना ३५ टक्के. तीन टक्क्यांच्या अंतराने सतरा जागांचा फरक पडला. एकेका मतदारसंघात हजार-दोन हजार मते इकडची तिकडे झाली, की असे होते. १९८७ मध्ये राज्य झाल्यापासून मिझोरमची सत्ता काँग्रेस आणि मिझो नॅशनल फ्रंट या दोघांतच फिरत आली होती, आणि १९८९ पासून तर प्रत्येकाला साधारण दहा वर्षे मिळत गेली होती. या वेळी सत्ताधाऱ्यांना पाचच मिळाली आणि सत्ता तिसऱ्याकडे गेली. मार्चमध्ये लुंगलेई नगर परिषदेच्या अकराच्या अकरा जागा नव्या पक्षाने जिंकल्या होत्या, तेव्हाच वारे फिरल्याचे कळायला हवे होते, असे पी म्हणाली.

मुलीला सर्वाधिक आनंद झाला तो ऐझॉल दक्षिण-३ च्या निकालाने. तिथून बत्तीस वर्षांच्या बॅरिल वन्नेइहसांगी १,४१४ मतांनी विजयी झाल्या. चर्चच्या कार्यक्रमांत, बाजारात, कार्यालयांत जिथे पाहावे तिथे स्त्रिया पुढे असलेल्या या राज्यात २०१८ मध्ये एकही स्त्री निवडून आलेली नव्हती. या वेळी तीन आल्या, त्यांतील एक, प्रोवा चकमा, पराभूत पक्षाच्या. पुरुषांपेक्षा स्त्री मतदारांची संख्या जास्त असलेल्या राज्यात चाळिसांतील तीन हा आकडा मला फार कमी वाटतो. मी तसे बोललेही. मुलीने तक्त्यातल्या त्या तिन्ही नावांखाली रेघ ओढली. (पुढे मार्च २०२४ मध्ये वन्नेइहसांगी मिझोरम विधानसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, तेव्हा तिने मला रात्री दहा वाजता फोन केला होता.)

त्याच दिवशी झोरमथांगा यांनी राज्यपालांकडे राजीनामा दिला. संध्याकाळी आम्ही रस्त्यावर फिरून आलो. काही गाड्यांतून तरुण मुले टोप्या हलवत होती, गाणी म्हणत होती, पण वाहतूक आपल्या रांगेतच चालली होती. आमच्या वस्तीत ना फटाके वाजले, ना गुलाल उधळला गेला. गुलालाने माखलेल्या विजयी मिरवणुका लहानपणापासून पाहिलेल्या माझ्या मनाला आधी काहीतरी राहून गेल्यासारखे वाटले. मग शेजारच्या घरातील एक आजोबा, पीप्रमाणेच चांदणीचे मतदार, पायऱ्यांवर बसलेले दिसले आणि त्यांच्याशी बोलत उभी असलेली, डोक्यावर टोपी घातलेली दोन मुले दिसली, तेव्हा तो भाव राहिला नाही.

मंगळवार, ५ डिसेंबर

विमान दुपारचे होते, म्हणून सकाळी बडा बाजारला गेलो. बांबूचे कोंब, वाळवलेली मिरची, आंबवलेले सोयाबीन, पुआनचे ढीग. पुआन घ्यायचा असेल तर हातमागाचा आणि यंत्रमागाचा यांतला फरक विक्रेतीलाच विचारावा. आम्हाला तिने न विचारताच दोन्ही उलटे करून दाखवले आणि स्वस्त कोणता तेही सांगितले. वन्संनी हातमागाचा घेतला. भाजीवाल्या बायकांमध्ये चर्चा एकच होती : आल्याची खरेदी कधी सुरू होणार? शपथविधी ८ तारखेला व्हायचा होता, पण नव्या सरकारकडे मागणी आधीच पोहोचली होती.

निघताना मी सामान आवरत असताना पी आत आली आणि तिने माझा तक्ता मागितला. देवनागरी तिला वाचता येत नव्हती. ऐझॉल पूर्व-१ ची ओळ कोणती, असे तिने विचारले. मी बोट ठेवून दाखवली. तिने तो कागद नीट घडी करून आपल्या गाण्यांच्या पुस्तकात ठेवला.